हिरड्यांतून रक्त आणि बोटांत संधिवात: सगळे दात काढून टाकायचे का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका मुलाने आईबद्दल विचारलं आहे. आई ५४ वर्षांची, शेतात काम करणारी. दात घासताना रक्त येतं, हे बारा-पंधरा वर्षांपासूनचं. आता खालचे समोरचे दोन दात हलतात. तीन वर्षांपासून सकाळी उठलं की दोन्ही हातांची बोटं आखडलेली असतात, तासभर मूठ वळत नाही. अँटी-सीसीपी तपासणी पॉझिटिव्ह आली, रुमॅटॉइड आर्थ्रायटिस निघाला, गोळ्या सुरू आहेत. आता नात्यातल्या कोणीतरी सांगितलं की हा वात हिरड्यांतल्या पुवामुळेच आहे, सगळे दात काढून कवळी बसवा, हात मोकळे होतील. मुलाने २०२५ च्या नोबेलची बातमीही वाचली आहे: शरीर स्वतःवरच हल्ला का करत नाही, या शोधाला ते मिळालं. तो विचारतो, हिरड्यांमुळे संधिवात होतो हे खरं का? दात काढावेत का? आणि नोबेलवाला इलाज आईला मिळेल का?

मी बावीस वर्षं हिरड्यांचेच आजार बघतो आहे, त्यातली बहुतेक वर्षं विदर्भातल्या तालुक्याच्या गावी. आधी सरळ उत्तर देतो. सगळे दात काढू नका. हिरड्यांचा उपचार मात्र याच महिन्यात सुरू करा. संधिवाताची गोळी कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. तुमच्या नातेवाइकांच्या बोलण्यात अर्धं खरं आहे, म्हणून बाकीचं उत्तर जरा लांबीनं देतो.

हे दात काढण्याचं काम माझ्या हातून एकदा झालं आहे. दवाखाना सुरू करून तीन-चार वर्षं झाली होती. वर्ध्याकडच्या एक काकू आल्या, तोंडात एकोणीस दात उरलेले. त्यातले सात खरोखर हाताशी येण्यासारखे होते, बाकी बारा उपचाराने टिकले असते. संधिवात होताच. घरच्यांनी गळ घातली, "डॉक्टर, एकदाचं मूळच काढा." मी तीन बैठकांत सगळे काढले आणि कवळी दिली. चार महिन्यांनी काकू परत आल्या तेव्हा खालची कवळी तोंडात नव्हती, घरी चहाच्या बशीत, फडक्याखाली झाकलेली होती. बोटं तेवढीच वाकडी, तेवढीच सुजलेली. त्या बोटांनी वरची कवळी निघत नव्हती. सून वावरात गेली की काढून द्यायला घरी कोणी नसे, म्हणून त्या रात्रंदिवस ती तशीच ठेवायच्या. टाळू लालभडक झाला होता, बुरशी धरली होती. भाकरी दुधात कुस्करून खात होत्या. ते बारा दात मी परत बसवू शकत नव्हतो. तेव्हापासून संधिवाताचा पेशंट आला की मी पहिल्यांदा त्याचे हात बघतो, मग तोंड उघडायला सांगतो.

हीच चूक साऱ्या जगाने मोठ्या प्रमाणावर करून बघितली आहे. १९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी कॅनडात मॅकगिल विद्यापीठात भाषण दिलं आणि तोंडातला पू हे शरीरभरच्या आजारांचं मूळ असल्याचं ठासून सांगितलं. त्यानंतरची काही दशकं इंग्लंड-अमेरिकेत सांधेदुखीसाठी लोकांचे धडधाकट दातसुद्धा उपटले गेले. सांधे काही सुटले नाहीत. पुढे हा विचार मागे पडला, तो इतका की तोंड आणि सांधे यांचा काही संबंध असेल असं म्हणणंही मागासपणाचं वाटू लागलं. गेल्या पंचवीस वर्षांत तो संबंध पुन्हा समोर आला आहे, पण वेगळ्याच वाटेने. ती वाट समजायला आधी हिरडीत काय होतं ते बघू.

१९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑर्हुस इथे हॅरल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा निरोगी माणसांना दात घासणं बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. घासणं परत सुरू केल्यावर आठवड्याभरात त्या बऱ्या झाल्या. म्हणजे दातावर साचणारा जंतूंचा चिकट थर हे सुजेचं कारण, आणि तो काढला की सूज जाते. इथपर्यंत हिशोब सोपा आहे.

पण त्याच लो यांनी पुढे श्रीलंकेतल्या चहामळ्यांतल्या ४८० मजुरांचे दात पंधरा वर्षं तपासले. या मजुरांना ब्रश माहीत नव्हता, दंतवैद्यही नव्हता. सगळ्यांच्या तोंडात कीट सारखंच चढलेलं, हिरड्या सगळ्यांच्याच लाल. तरीही ८ टक्के लोकांचे दात झपाट्याने गेले, ८१ टक्क्यांचं हाड हळूहळू झिजत राहिलं, आणि ११ टक्के लोकांचा आजार हिरड्यांच्या सुजेपुढे सरकलाच नाही. तुमच्या गावातही अशी एखादी म्हातारी असेल, जिने उभ्या जन्मात ब्रश हातात धरला नाही आणि तरी सुपारी फोडते. घाण तीच, निकाल वेगळा. हा फरक जंतूंनी केलेला नाही, त्या-त्या माणसाच्या शरीराने केला आहे.

हिरड्यांच्या आजाराबद्दल मला सगळ्यात जास्त हेच सांगावंसं वाटतं. लोकांना वाटतं, कीड हाड खाते. दाताभोवतीचं हाड जंतू खात नाहीत, आपल्याच पेशी खातात. जंतूंशी लढायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी हिरडीत येतात, त्या हाड विरघळवणाऱ्या पेशींना चेतवतात, आणि जंतू तिथून हटत नसल्याने ही लढाई वर्षानुवर्षं चालू राहते. टोकियोतल्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांवर केलेल्या कामात दाखवलं की हिरडीतल्या या पेशी जंतूंना रोखतात आणि त्याच वेळी हाडही झिजवतात. त्या संशोधकांनी याचा अर्थ असा लावला की दात पडला की जंतूंचा अड्डाच जातो, म्हणजे शरीर जणू दाताचा बळी देऊन संसर्ग संपवतं. हलणारा दात दाखवून पेशंट विचारतो, "डॉक्टर, आपोआप कसा काय हलायला लागला?" तेव्हा मला हे काम आठवतं.

यातल्या काही पेशी कुठून आल्या, ते बघितलं की तुमची नोबेलची बातमी इथे येऊन मिळते.

आपल्या शरीरात शत्रू ओळखणाऱ्या टी-पेशी छातीच्या हाडामागे, थायमस नावाच्या ग्रंथीत तयार होतात. आपल्याच शरीरावर उठणाऱ्या पेशी तिथेच मारून टाकल्या जातात. पण ही चाळणी पक्की नाही, काही निसटतात. त्यांना बाहेर कोण आवरतं? जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ साली दाखवलं की टी-पेशींमध्येच एक वेगळा गट असतो, ज्याचं काम लढणं नसून लढणाऱ्यांना थांबवणं आहे. २००१ साली अमेरिकेत मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी जन्मतःच स्वतःच्या शरीरावर उलटणाऱ्या उंदरांच्या एका जातीत बिघडलेला जनुक शोधला, त्याला फॉक्सपी३ म्हणतात. हाच जनुक बिघडला तर माणसाच्या लेकरांनाही तसाच गंभीर आजार होतो. दोन वर्षांनी साकागुचींनी दोन्ही धागे जोडले: थांबवणाऱ्या पेशी घडवतो तो हाच जनुक. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल या तिघांना मिळालं ते याबद्दल.

रानडुकरांसाठी वावरात जागल करणाऱ्यांचं उदाहरण घ्या. अंधारात काही खसफसलं की दगड-काठ्या घेऊन धावणारे हवेतच. पण त्यांच्यात एखादा असा लागतो जो बॅटरी मारून बघतो आणि ओरडतो, "थांबा रे, आपलीच गाय आहे." हा माणूस नसला तर रानडुकरं एक वेळ जातील, पण सकाळी गोठ्यात जनावर उरणार नाही.

आता टोकियोच्या त्या कामाकडे परत या. हाड झिजवणाऱ्या त्या पेशींपैकी काही मुळात याच थांबवणाऱ्या गटातल्या होत्या. जंतूंच्या गराड्यात त्यांचा फॉक्सपी३ गेला आणि त्या उलट बाजूला जाऊन मिळाल्या. याच गटाने चार वर्षं आधी, २०१४ साली, संधिवात झालेल्या उंदरांच्या सांध्यांत अशाच पालटलेल्या पेशी दाखवल्या होत्या. हिरडी आणि बोटाचं पेर, दोन्हीकडे हाड खाणारा गडी एकाच जातीचा. उंदरांतलं काम माणसाला जसंच्या तसं लावता येत नाही हे मान्य, तरी हे दोन आजार भावंडांसारखे का वाटतात याचा यापेक्षा चांगला खुलासा मी वाचलेला नाही.

आईच्या रिपोर्टवर जी अँटी-सीसीपी लिहिली आहे, ती तपासणी काय बघते? आपल्या प्रथिनांमध्ये आर्जिनीन नावाचा एक घटक असतो. सूज आली की शरीरातले काही विकर (एन्झाइम) त्याला बदलून सिट्रुलीन करतात. पोळ्याच्या दिवशी घरचाच बैल शिंगं रंगवून, झूल पांघरून दारात येतो आणि घरचं कुत्रं त्याच्यावर भुंकतं, तसं होतं. बैल आपलाच, पण रूप बदललं. काही माणसांचं शरीर अशा रूप बदललेल्या प्रथिनांना परकं समजतं आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार करतं. ती प्रतिपिंडं ही तपासणी पकडते. बोटं सुजण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून ती रक्तात सापडतात, म्हणजे भांडण सांध्यात दिसतं पण सुरू दुसरीकडे कुठेतरी होतं.

(सिट्रुलीन हे नाव टरबुजाच्या शास्त्रीय नावावरून आलं, कारण ते पहिल्यांदा टरबुजातून वेगळं केलं गेलं. हे सांगितल्यावर एका आजींनी उन्हाळाभर टरबूज सोडलं होतं. खाण्यातल्या सिट्रुलीनचा या आजाराशी संबंध नाही. आईला टरबूज खुशाल द्या.)

हे "दुसरीकडे" म्हणजे तोंड असू शकतं का? हिरड्यांच्या आजारात पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस नावाचा जंतू हमखास सापडतो, आणि आर्जिनीनचं सिट्रुलीन करणारा विकर त्याच्याकडे स्वतःचा आहे. हे १९९९ साली कळलं आणि संशोधक एकदम जागे झाले. २०१६ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या गटाने हिरड्यांतला दुसरा एक जंतू दाखवला, जो आपल्या पांढऱ्या पेशींना भोकं पाडतो आणि त्यांच्याच आत प्रथिनांचा हा रूपबदल भरमसाट घडवून आणतो. २०२३ साली आलेला अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. संधिवाताच्या काही रुग्णांचं रक्त दीर्घकाळ, पुन्हा पुन्हा तपासलं गेलं. ज्यांच्या हिरड्या आजारी होत्या त्यांच्या रक्तात तोंडातले जंतू वरचेवर उतरत होते, त्या जंतूंच्या अंगावरही सिट्रुलीनची खूण होती, आणि रुग्णांची प्रतिपिंडं त्या जंतूंनाही ओळखत होती.

रक्तात उतरतात म्हणजे कसे, हे आईच्या तोंडात बघता येईल. मी मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक, बोथट सळई दात आणि हिरडीच्या फटीत अलगद घालतो, प्रत्येक दाताला सहा जागी. निरोगी हिरडीत ती तीन मिलिमीटरपर्यंत जाते आणि थांबते. आईसारख्या पेशंटमध्ये सहा-सात मिलिमीटर जाईल, आणि काढता काढता फटीतून रक्ताचा थेंब वर येईल. त्या फटीची आतली भिंत म्हणजे सोललेली जखम आहे. सगळ्या दातांभोवतीची अशी जागा एकत्र केली तर ती साधारण ८ ते २० चौरस सेंटीमीटर भरते असा हिशोब झालेला आहे. एवढी जखम पायावर असती तर आईला तुम्ही त्याच दिवशी दवाखान्यात आणलं असतं. तोंडात ती पंधरा वर्षं उघडी आहे आणि प्रत्येक घासाला दाबली जाते.

मग हिरड्या बऱ्या केल्या की संधिवात जाईल? इथे मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही. काही छोट्या अभ्यासांत हिरड्यांच्या सफाईनंतर सांध्यांची सूज थोडी उतरलेली दिसली. पण फ्रान्समधल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात तोंडाची निगा वाढवून तोंडातले घातक जंतू कमी झाले, सांध्यांच्या आजाराचा आकडा मात्र हलला नाही. मला यात नवल वाटत नाही. ठिणगी चुलीतून उडाली असेल, पण एकदा गंजी पेटली की चूल विझवून गंजी विझत नाही. शिवाय सगळ्यांचा संधिवात तोंडातून सुरू होत नाही. आनुवंशिकता आहे, विडी-सिगारेटचा धूर आहे. आणि उलटंही घडतं: बोटं आखडलेल्या माणसाला नीट ब्रश धरता येत नाही, म्हणून हिरड्या बिघडतात. मधुमेहाचा पुरावा याहून भक्कम आहे. तिथे हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा, सरासरी ०.४ च्या आसपास उतरतं. म्हणून आईची साखर तपासली नसेल तर आधी ती तपासा.

हिरड्यांचा उपचार आपण हिरड्यांसाठी करायचा, आईला भाकरी चावता यावी म्हणून करायचा. सांध्यांना फायदा झाला तर तो वरचा.

नोबेलचा इलाज आज कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. थांबवणाऱ्या पेशी वाढवून स्वतःवर उलटलेलं शरीर शांत करायचे प्रयोग जगात चालू आहेत, पण गोळी म्हणून लिहून द्यावं असं काही माझ्या हाती नाही. कोणी "नोबेल थेरपी" म्हणून काही विकत असेल तर पैसे देऊ नका. त्याहून आपल्याकडे जास्त चालतो तो "इम्युनिटी वाढवा" हा सल्ला. आईची प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, तिला आवरणारा कमी पडला आहे. अशा शरीराला आणखी चेतवणारे काढे, पावडरी देणं धोक्याचं. २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं, आणि ती स्वतःवर उलटलेल्या प्रतिकारशक्तीसारखीच दिसत होती. त्यावर वाद झाला, तरी संधिवात असलेल्या बाईला गुळवेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

आता कामाचं. दोन बैठका लागतील. हिरडी बधिर करून मुळांवर खोलवर चिकटलेलं कीट काढायचं, आधी उजवी बाजू, मग डावी. त्यानंतर दात थोडे लांब दिसतील, फटी पडतील, थंड पाणी झिणझिणेल. आपल्याकडे "सफाई केली की दात हलतात" म्हणतात त्याचं कारण हेच. सूज उतरली म्हणून हिरडी खाली बसते, आणि कीटाच्या जाड थराने जखडून धरलेला दात मोकळा झाल्यावर खरा किती हलतो ते कळतं. समोरचे दोन दात बारीक तारेने शेजारच्या दातांना बांधता येतात. तीन महिन्यांनी पुन्हा सळई घालून मोजायचं. तेव्हाही जे सात मिलिमीटरवर राहतील त्यांचा विचार एकेक करून करू. दोन-चार काढावे लागतीलही, सगळे नाही.

घरच्या ब्रशची मूठ आईला पकडता येत नसेल. सायकलच्या हँडलची रबरी ग्रिप घ्या, ब्रशच्या दांड्याला जुनं सुती फडकं घट्ट गुंडाळून ती वर चढवा. मूठ जाड झाली की आखडलेल्या बोटांतही बसते. हा उपाय मला एका पेशंटच्या नवऱ्याने दाखवला, आता मी सगळ्यांना सांगतो. सकाळी बोटं आखडलेली असताना घासायची सक्ती नको, चहानंतर तासाभराने घासू द्या. रात्रीचं घासणं मात्र चुकवू नका. दातांच्या फटींसाठी बाटली धुवायच्या ब्रशसारखा छोटा ब्रश मिळतो, तो दोरीपेक्षा सोपा. राखुंडी, विटकरीची पूड, मिश्री, गुडाखू बंद. आई तंबाखू लावते का ते तुम्ही लिहिलं नाही. लावत असेल तर आधी ती सुटली पाहिजे. खर्रा खाणाऱ्या घरच्या पुरुषांनाही हे सांगा: तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी दिसतं, आणि माणूस समजतो हिरडी बरी आहे.

गोळ्यांबद्दल एक गोष्ट कृपा करून आजच बघा. आईला मेथोट्रेक्सेट असेल तर ती आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची असते. रोजची समजून रोज घेतल्याने तोंड सोलून आलेले, रक्तातल्या पेशी कोसळलेले पेशंट मी पाहिले आहेत. पाकिटावर वार मोठ्या अक्षरात लिहा. तोंडात फोड आले तर हिरड्यांचे समजून घरी हळद लावत बसू नका, त्याच दिवशी संधिवाताच्या डॉक्टरांना कळवा. स्टेरॉइड चालू असेल तर दात काढायचा म्हणून एकदम बंद करू नका. हाडं मजबूत करायचं इंजेक्शन किंवा आठवड्याची गोळी चालू असेल तर दात काढण्याआधी दंतवैद्याला सांगितलंच पाहिजे, नाहीतर जबड्याची जखम न भरण्याचा धोका असतो.

खर्च परवडत नसेल तर नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे, वर्ध्याजवळ सावंगीलाही आहे. जाताना अँटी-सीसीपीचा रिपोर्ट, साखरेचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं न्या, चिठ्ठी नको, पाकिटंच न्या. आणि कापसाची वेचणी सुरू व्हायच्या आधी दोन्ही बैठका उरकून घ्या. वेचणीत आईची बोटं सगळ्यात जास्त दुखतील, आणि तेव्हा दवाखान्यासाठी तिला एक दिवसही काढता येणार नाही.